गुडघा बदलायचा, पण कोणाच्या हातून? विदर्भातल्या गावाकडच्या घरांसाठी

गावाकडे गुडघ्याचं ऑपरेशन कुठं आणि कोणाकडून करायचं हे ज्याचा गुडघा दुखतो तो क्वचितच ठरवतो. ते ठरवतो बसस्टँडसमोरचा फ्लेक्स, नागपुरात राहणारा जावई, 'आपल्या ओळखीचे आहेत' म्हणणारा मेडिकलवाला, नाहीतर समाजमंदिरात भरलेलं शिबिर. आईला किंवा बाबांना विचारलं जातं ते सगळ्यात शेवटी, आणि तेही 'चालते ना?' एवढंच. ही निवड परत घरात कशी आणायची ते इथे क्रमाने सांगतो.

सर्जनचा हात चांगला हवा, यात वाद नाही. पण जो शहरापासून शंभर-दीडशे किलोमीटरवर राहतो त्याला आणखी एक गोष्ट तपासावी लागते. ऑपरेशननंतर दहाव्या दिवशी जखमेतून पाणी येऊ लागलं तर हा डॉक्टर फोन उचलेल का? आणि 'या' म्हणेल का? पुढची बरीचशी विचारपूस याच प्रश्नाभोवती फिरते.

आधी पाहा, बदलायलाच हवा का

वाटी घासली, गादी संपली, गॅप पडला, ग्रीस आटलं, असं कोणी सांगितलं की घाबरून लगेच तारीख घेऊ नका. गुडघा बदलणं ही बहुतेक वेळा घाईची शस्त्रक्रिया नसते. महिना-दोन महिने विचार केल्याने सहसा काही बिघडत नाही. (पडून हाड मोडलं, गुडघा एकाएकी लाल-गरम होऊन ताप आला, तर ती गोष्ट वेगळी. तेव्हा त्याच दिवशी दवाखाना गाठायचा.)

ऑपरेशनची वेळ आली हे दोन गोष्टी जुळल्या की समजतं. एक, रोजचं जगणं अडलं आहे: रात्री दुखण्याने झोप मोडते, अंगणातून रस्त्यापर्यंत जाताना दोनदा थांबावं लागतं, पाय बाहेर किंवा आत वाकत चालला आहे. आणि दुसरं, वजन थोडं उतरवणं, मांडीच्या स्नायूंचा व्यायाम, हातात काठी, साध्या वेदनाशामक गोळ्या किंवा मलम, हे सगळं काही महिने मनापासून करूनही आराम नाही. एक्स-रे खराब पण बाई अजून बाजार करून येते, अशी माणसं खूप आहेत. त्यांचा गुडघा कापायची गरज नसते. इलाज एक्स-रेचा होत नसतो, माणसाचा होतो.

एक्स-रे उभं राहून काढलेला हवा, दोन्ही गुडघ्यांचा, एकाच फिल्मवर. झोपवून काढलेल्या एक्स-रेत झीज खरी दिसत नाही. तालुक्याच्या सेंटरवर काढायला गेलात तर 'उभ्याने' असं चिठ्ठीवर लिहून घ्या. म्हाताऱ्या गुडघ्याच्या झिजेसाठी एमआरआय सहसा लागत नाही. कोणी पहिल्याच भेटीत लिहून दिला तर कशासाठी, हे विचारा.

डॉक्टरने पलंगावर झोपवून खुबा फिरवून पाहिला का, याकडे लक्ष ठेवा. खुब्याचं दुखणं गुडघ्यात जाणवतं, कंबरेची नस दबली तरी पाय दुखतो. यवतमाळ आणि चंद्रपूरच्या काही भागांत बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे. वर्षानुवर्षं ते पाणी पिणाऱ्यांचे सांधे आणि पाठ ताठरतात. तुमच्या गावाला तसं पाणी असेल तर ते सांगा. सगळंच दुखणं एका गुडघ्यावर ढकललं तर ऑपरेशन नीट होऊनही माणूस म्हणतो, 'काही फरक नाही बुवा.'

नावं कुठून काढायची

तीन नावं काढा. एक जिल्ह्याच्या ठिकाणचं, एक सरकारी किंवा मेडिकल कॉलेजचं, एक नागपूर किंवा अमरावतीच्या खासगी दवाखान्यातलं. तीनांहून जास्त नकोत. मग नुसतं फिरणं होतं.

आपल्या भागात पर्याय वाटतात त्याहून जास्त आहेत. नागपुरात मेडिकल आणि मेयो ही सरकारी मेडिकल कॉलेजं, मिहानमधलं एम्स. वर्ध्याकडच्यांना सेवाग्रामचं कस्तुरबा रुग्णालय आणि सावंगी मेघेचं मेडिकल कॉलेज. अकोला, यवतमाळ, चंद्रपूर, गोंदिया इथे सरकारी मेडिकल कॉलेजं आहेत. नागपूरच्या धंतोली-रामदासपेठेत तर गल्लोगल्ली ऑर्थोपेडिक पाट्या. पण संस्था मोठी म्हणून तिथे गुडघे नियमित बदलले जातात असं नाही. अस्थिरोग विभागात गेल्यावर विचारा, 'सांधे बदलण्याची ऑपरेशनं इथे आठवड्यात कोणत्या दिवशी असतात?' दिवस ठरलेला असेल तर काम नियमित चालतं असं समजायला हरकत नाही. 'येईल तसं करतो' हे उत्तर आलं तर आणखी एक-दोन प्रश्न वाढवा.

मेडिकल कॉलेजबद्दल लोक दोन टोकांचं बोलतात: 'शिकाऊ पोरं कापतात' किंवा 'तिथंच खरे डॉक्टर'. खरं असं की तिथे वरिष्ठ सर्जन असतात, सोबत शिकणारे डॉक्टर हात लावतात आणि जखमेवर रोज कोणीतरी नजर टाकतं. हा शेवटचा भाग पुष्कळ खासगी ठिकाणी कमी पडतो. तिथली अडचण म्हणजे वाट. तारखा लांबतात, पुढे ढकलल्या जातात, नातेवाइकांचे हाल होतात. ज्याला घाई नाही आणि सोबतीला माणूस आहे, त्याने हा पर्याय आधी पाहावा असं मला वाटतं.

आता चौकशी कोणाकडे करायची. ज्याचं ऑपरेशन मागच्या महिन्यात झालं त्याच्याकडे नको. तो अजून दुखण्यात तरी असतो, नाहीतर कौतुकात तरी. ज्याला वर्ष-दोन वर्षं झाली त्याच्या घरी जा आणि बोलण्याआधी तो ओट्याची पायरी कशी चढतो ते पाहा. मग विचारा: सांगितलेलं बिल आणि शेवटचं बिल सारखं होतं का? टाके काढायला डॉक्टर स्वतः होते की कंपाउंडर? मध्ये काही त्रास झाला तेव्हा काय म्हणाले? ज्यांना काहीच त्रास झाला नाही त्यांच्याकडून सर्जनबद्दल फार कमी कळतं. ज्याची जखम चिघळली आणि तरीही जो त्या डॉक्टरला दुवा देतो, तो माणूस सापडला तर त्याचं सगळं ऐकून घ्या.

दोन साक्षीदार लोक विसरतात. एक म्हणजे तालुक्याचा फिजिओथेरपिस्ट. त्याच्याकडे पाच-सहा वेगवेगळ्या सर्जनचे गुडघे येतात आणि कोणाचा गुडघा सरळ होतो, कोणाचा अडकतो, हे त्याच्या हाताला कळतं. तो नाव घेऊन वाईट बोलणार नाही. म्हणून असं विचारा, 'तुमच्या स्वतःच्या आईचा गुडघा असता तर कोणाकडे नेला असता?' दुसरा साक्षीदार म्हणजे नागपुरात नर्सिंग करणारी गावातली पोरगी. बहुतेक गावांत अशी एक तरी असते. ऑपरेशन थिएटरात किंवा वॉर्डात काम करणाऱ्यांना कोण वेळेवर येतो, कोण राऊंडला टाळाटाळ करतो, हे चांगलं ठाऊक असतं.

पदवीही पाहून घ्या. चिठ्ठीवर एमएस ऑर्थो, डीएनबी ऑर्थो किंवा डी ऑर्थो आणि सोबत महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचा नोंदणी क्रमांक असतो. तो क्रमांक कौन्सिलच्या वेबसाइटवर टाकून घरातला कॉलेजचा पोरगा दोन मिनिटांत तपासू शकतो. सांधे बदलण्याची वेगळी फेलोशिप केली असेल तर चांगलं, पण कुठे आणि किती महिन्यांची हेही विचारा. दोन दिवसांच्या कार्यशाळेचं सर्टिफिकेटही भिंतीवर फ्रेम करून लागतं.

शिबिर आणि दलाल

मोफत तपासणी शिबिरात जायला हरकत नाही. मोफत एक्स-रे मिळाला तर घ्या, रक्तातली साखर तपासून मिळाली तर बरंच. पण शिबिर हे दवाखान्याचं रुग्ण गोळा करण्याचं साधनही असतं. तिथे 'उद्या गाडी येते, आधार आणि रेशनकार्ड घेऊन बसा' असं सांगितलं तर बसू नका. कोण डॉक्टर ऑपरेशन करणार त्याचं नाव चिठ्ठीवर लिहून मागा. ते मिळत नसेल तर ऑपरेशन कोण करणार हे अजून कोणी ठरवलेलंच नाही.

कट प्रॅक्टिस, म्हणजे रुग्ण पाठवणाऱ्याला मिळणारा वाटा, वैद्यकीय आचारसंहितेच्या विरुद्ध आहे आणि तरीही चालते. तुमचा गावचा डॉक्टर एकच नाव सांगून थांबत असेल तर त्याला प्रेमानं म्हणा, 'डॉक्टर साहेब, आणखी एखादं नाव सांगा ना, घरचे दोन ठिकाणी दाखवू म्हणतात.' सरळ माणूस लगेच दुसरं नाव देतो. जो चिडतो, त्याच्या चिडण्यातूनच काय ते कळतं.

पहिली भेट

सोबत काय न्यायचं: जुने सगळे एक्स-रे, चालू गोळ्यांची पाकिटं (नावं सांगण्यापेक्षा पाकिटंच बरी), बीपी-शुगरचे कागद, आधीच्या कोणत्याही ऑपरेशनची फाइल. बोलायला घरातलं एकच माणूस ठेवा. चार जण गेले की डॉक्टर चौघांपैकी सगळ्यात मोठ्याने बोलणाऱ्याशी बोलतो. आणि आईला घरीच बजावून ठेवा की दुखणं कमी करून सांगायचं नाही. आपल्याकडच्या बायका रात्रभर कण्हतात आणि डॉक्टरसमोर बसल्या की म्हणतात, 'नाही जी, थोडंसंच दुखते.'

प्रश्न एका कागदावर लिहून न्या आणि वाचून विचारा. लाजू नका.

'मागच्या वर्षभरात तुम्ही स्वतः किती गुडघे बदलले?' जो सर्जन हे काम नियमित करतो त्याच्या हातून चुका कमी होतात, हे अनेक देशांतल्या अभ्यासांत दिसलं आहे. आकड्याची रेषा मारून देणं कठीण आहे. पण आठवड्याला एखादा तरी गुडघा होत असेल तर माझं मन निश्चिंत राहतं, आणि वर्षाला दहा-बारा असतील तर मी दुसरीकडे विचारीन. आकडा न सांगता 'खूप केले' म्हणणारा आणि 'मोजले नाहीत, पण महिन्याला साधारण इतके' असं सांगणारा, यांतला फरक तुम्हाला समोर बसल्या बसल्याच कळेल.

'माझ्या आईच्या बाबतीत काय बिघडू शकतं?' इथे 'काही नाही, टेन्शन घेऊ नका' हे उत्तर वाईट. जंतुसंसर्ग शंभरात एखाद-दुसऱ्याला होतो, पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी होऊ शकते, गुडघा ताठर राहू शकतो. आणि सगळं ठीक होऊनही साधारण पाचांपैकी एक जण 'वाटलं तेवढं बरं नाही' म्हणतो. हे सर्जनने तुम्ही न विचारता सांगायला हवं. दुसऱ्या बाजूची माहितीही त्याच्याकडे असते: मोठ्या नोंदींच्या अभ्यासात दहांपैकी आठ पूर्ण बदललेले गुडघे २५ वर्षांनंतरही टिकलेले आढळले आहेत. चांगलं-वाईट दोन्ही सांगणारा डॉक्टर भीती घालत नसतो, तो तुम्हाला मोठं माणूस समजून बोलत असतो.

'आई पुन्हा खाली बसू शकेल का?' गावाकडच्या माणसासाठी हा प्रश्न सगळ्यात मोलाचा आहे. इथे खाली बसणं म्हणजे नुसती पंगत नाही. निंदण, रोवणी, चुलीपुढचं काम, देशी संडास, पारायणाला मांडी, सगळं जमिनीवर. बहुतेक सर्जन सांगतात की चालणं, पायऱ्या, खुर्चीवरची कामं चांगली होतील, पण उकिडवं बसणं आणि मांडी घालणं टाळा, आणि कमोड बसवा. जो म्हणतो 'सगळं करता येईल, वावरात जा, निंदा, काही बंधन नाही', तो ऑपरेशन विकतो आहे. आणि ज्या बाईचं पोट निंदणीच्या मजुरीवर आहे तिला ऑपरेशनआधीच हे कळलं पाहिजे, कारण नंतर काम बदलावं लागणार. ही घरात बसून बोलायची गोष्ट आहे. दवाखान्याच्या काउंटरवर ती सुटत नाही.

'ऑपरेशन तुम्हीच करणार ना, आणि नंतर कोण बघणार?' याला थोडं जास्त लिहितो. जिल्ह्याच्या आणि तालुक्याच्या पुष्कळ दवाखान्यांत नागपूर-अमरावतीहून सर्जन रविवारी येतात, दोन-चार ऑपरेशनं करतात आणि संध्याकाळी परततात. हे वाईटच असं नाही. घराजवळ ऑपरेशन होतं, डबा पोचतो, खर्च वाचतो. पण सोमवारी रात्री रक्तदाब पडला तर दवाखान्यात कोण असतं? भूलतज्ज्ञ रात्री मिळतो का? अतिदक्षता विभाग तिथेच आहे की गाडीत घालून न्यावं लागणार? दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ड्रेसिंग कोण उघडून पाहतं, तो अस्थिरोगतज्ज्ञ आहे का? जखम बिघडली तर सर्जन पुढच्या रविवारची वाट पाहायला लावणार की स्वतःकडे बोलावणार? ही उत्तरं नावानिशी मिळाली तर असा दवाखाना निवडायला काही हरकत नाही. नाही मिळाली, तर ज्याला हृदयाचा, श्वासाचा किंवा किडनीचा त्रास आहे अशा माणसाला तिथे नेऊ नका.

'दोन्ही एकदम करू, एकाच खर्चात सुटका' हा सल्ला खूप दिला जातो. काहींना तो जमतोही. पण दोन्ही एकदम करताना रक्त जास्त जातं आणि हृदय-फुप्फुसावर ताण वाढतो. वय सत्तरीच्या पुढे असेल किंवा हृदयरोग असेल तर सर्जनने आधी टूडी इको (हृदयाची सोनोग्राफी) आणि भूलतज्ज्ञाची तपासणी करून मगच हो म्हणायला हवं. पहिल्या पाच मिनिटांत दोन्ही गुडघ्यांची तारीख देणारा मला चालत नाही.

रोबोट आणि सोनेरी गुडघा यांच्या जाहिराती आता हायवेवरही दिसतात. रोबोटने हाड कापण्याची अचूकता वाढते हे खरं. पण म्हणून रुग्ण पाच वर्षांनी जास्त चांगला चालतो असं ठामपणे दिसलेलं नाही. सोनेरी दिसतो तो वरचा मुलामा. काही धातूंची ॲलर्जी असलेल्यांसाठी त्याचा विचार होतो, पण त्याने गुडघा जास्त टिकतो असं सिद्ध झालेलं नाही. चांगला सर्जन साध्या गुडघ्यानेही चांगलं काम करतो. त्यासाठी वावर गहाण ठेवू नका.

आपल्या भागाच्या गोष्टी, ज्या तुम्हीच सांगायच्या

इथे सर्जनची परीक्षाही होते आणि तुमचीही.

पूर्व विदर्भात सिकलसेल (रक्ताचा आनुवंशिक आजार) बऱ्याच घरांत आहे. रुग्ण स्वतः किंवा जवळच्या नात्यात कोणी 'पॉझिटिव्ह' असेल तर सांगा. माहीत नसेल तर तपासून घ्या. भूल, रक्त आणि मांडीला आवळायचा पट्टा यांचा सगळा हिशोब त्यावर बदलतो. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदियाकडे हत्तीरोगही आहे. पायावर कायमची सूज असेल तर जखम चिघळण्याचा धोका वाढतो. 'तुमच्या घरी सिकलसेल कोणाला आहे का?' असं स्वतःहून विचारणारा सर्जन भेटला, तर तो या मातीतले रुग्ण ओळखतो असं समजा.

खर्रा आणि तंबाखू. निकोटिनने जखम भरायला वेळ लागतो आणि जंतुसंसर्ग वाढतो. किमान चार आठवडे आधी बंद, आणि नंतरही जखम भरेपर्यंत बंद. बाबा दवाखान्याच्या जिन्याखाली पुडी चोळत असतील तर सर्जनला दोष देण्यात अर्थ नाही.

गावच्या 'एका गोळीत आराम' देणाऱ्या पुड्यांमध्ये कित्येकदा स्टेरॉइड असतं. वर्षानुवर्षं ती घेतली असेल तर साखर वाढलेली असते, शरीराची ताकद कमी झालेली असते आणि ऑपरेशनच्या दिवशी ते जिवावर बेतू शकतं. ती पुडी घेऊन जा आणि दाखवा. गुडघ्यात स्टेरॉइडचं इंजेक्शन घेतलं असेल तर साधारण तीन महिने तरी ऑपरेशन करू नये असं मानलं जातं. म्हणून तारीखही सांगा.

मधुमेहाची तीन महिन्यांची सरासरी, म्हणजे एचबीएवनसी, बहुतेक सर्जन ७.५ ते ८ च्या आत आणायला सांगतात. किडलेला दात, लघवीची जळजळ, टाचेच्या ओल्या भेगा, बोटांमधली चिखली, हेही आधी बरं करायचं असतं. 'आधी हे नीट करा, मग दीड महिन्याने या' म्हणणाऱ्या डॉक्टरवर नाराज होऊन लोक दुसरीकडे जातात. तसं करू नका. ज्याला तारीख पुढे ढकलता येते, त्याला पैशापेक्षा तुमचा गुडघा जवळचा वाटतो.

पैसा, योजना, बिल

गुडघ्याच्या इम्प्लांटच्या (आत बसवायच्या कृत्रिम सांध्याच्या) किमतीवर केंद्र सरकारने ऑगस्ट २०१७ मध्ये मर्यादा घातली. त्याआधी सरासरी किंमत दीड लाखाच्या पुढे होती. सगळ्यात जास्त वापरल्या जाणाऱ्या कोबाल्ट-क्रोमियमच्या पूर्ण सांध्याची कमाल किंमत तेव्हा ५४,७२० रुपये अधिक जीएसटी ठरली. नंतर त्यात थोडाफार फेरफार होत आला आहे, पण मर्यादा आहेच. बिलात इम्प्लांट वेगळा दाखवावा लागतो: कंपनी, प्रकार, बॅच नंबर, किंमत. 'सगळं मिळून पॅकेज' असं सांगितलं तरी हा तपशील मागा. तुमचा हक्क आहे.

पॅकेजमध्ये काय नाही, हे विचारणं जास्त कामाचं. भूलतज्ज्ञ, रक्त, आयसीयूचा दिवस, औषधं, फिजिओथेरपी, वॉकर, टाके काढायची फेरी. आणि सगळ्यात आधी: 'पंधरा दिवसांत जंतुसंसर्ग होऊन परत भरती व्हावं लागलं तर खर्च कोणाचा?' लेखी अंदाजपत्रक घ्या. दवाखान्याने दरपत्रक आणि रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावायची असते. भिंतीवर नजर टाका.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आणि आयुष्मान भारत यांत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचं संरक्षण आहे. पण प्रत्येक दवाखान्याला प्रत्येक उपचार मंजूर नसतो. म्हणून दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला (योजनेचं काम बघणाऱ्याला) नेमकं विचारा: 'गुडघा बदलण्याचं पॅकेज या दवाखान्याला मंजूर आहे का, आमच्या कार्डावर बसते का?' फोनवर १५५३८८ किंवा १४५५५ ला विचारता येतं. रेशनकार्ड आणि आधारवरचं नाव जुळत नसेल तर ते आधी दुरुस्त करा. ऐन वेळी मंजुरी यामुळेच अडकते. योजनेत ऑपरेशन होत असताना 'वरून थोडे द्या, चांगला इम्प्लांट टाकतो' असं कोणी म्हटलं तर पैसे देण्याआधी आरोग्यमित्राला विचारा आणि पावती मागा. पावतीचं नाव काढलं की बहुतेकदा ती मागणीच मागे पडते.

दुसरं मत

दुसऱ्या सर्जनला जरूर दाखवा. पहिल्या डॉक्टरला सांगायलाच हवं असं नाही, आणि लपवायचंही कारण नाही. एक्स-रेची फिल्म तुमची आहे, ती मागून घ्या. भरती झाला असाल तर कागदपत्रं लेखी मागितल्यावर ७२ तासांच्या आत द्यावी लागतात. दुसऱ्या डॉक्टरकडे जाताना 'तिकडे ऑपरेशन सांगितलं' हे लगेच सांगू नका. आधी त्याला तपासू द्या. दोघांचं जुळलं तर मन स्थिर होतं. नाही जुळलं तर कोणी कारण समजावून सांगितलं ते पाहा. दोघांनी दोन गोष्टी सांगितल्या म्हणून गोंधळून तिसऱ्या-चौथ्याकडे धावण्यात अर्थ नाही. तिसरं मत घ्यायचंच असेल तर मेडिकल कॉलेजच्या ओपीडीत घ्या, तिथे केसपेपरच्या पैशात काम होतं.

तारीख कधीची घ्यायची

पेरणी आणि सोयाबीन कापणीच्या मधे घरात कोणाला सवड नसते, आणि ऑपरेशननंतर सहा आठवडे सोबतीला माणूस लागतो. मे महिन्यात चंद्रपूर-अकोल्याच्या उन्हात घामाने ड्रेसिंग भिजतं, आणि वीज गेली की पाहायला नको. दिवाळीनंतरचे दिवस बरे. पण लक्षात ठेवा, सर्जनलाही सगळे तेव्हाच गाठतात, म्हणून सप्टेंबरमध्ये भेटून ठेवा. कमोड, पलंग, उंच खुर्ची, मोरीत धरायला दांडा, हे ऑपरेशनला जाण्याआधी झालं पाहिजे. तालुक्याच्या फिजिओथेरपिस्टशीही आधीच बोलून ठेवा. तो घरी येणार की तुम्ही जाणार, आठवड्यातून किती वेळा, किती पैसे. गुडघा वाकवण्याचे पहिले दोन महिने वाया गेले तर कोणत्याही सर्जनचं काम फुकट जातं.

सही करण्याआधी

संमतीपत्र मराठीत मागा आणि घरातल्या वाचणाऱ्याने मोठ्याने वाचून दाखवावं. त्यात सर्जनचं नाव आहे का, कोणता गुडघा (उजवा की डावा) लिहिलं आहे का, ते बघा. ऑपरेशनच्या सकाळी त्या गुडघ्यावर पेनाने खूण करतात. ती रुग्ण जागा असताना आणि त्याला विचारून व्हायला हवी. डिस्चार्जच्या वेळी इम्प्लांटचे स्टिकर फाइलला लावून घ्या. ते जपायचं कारण आहे. २०१० साली एका परदेशी कंपनीचे खुब्याचे कृत्रिम सांधे जगभरातून परत मागवावे लागले, आणि भारतात ते कोणाकोणाला बसवले याचा माग काढणं फार अवघड गेलं. स्टिकर आणि एक्स-रे प्लास्टिकच्या पिशवीत, पावसाचं पाणी लागणार नाही अशा जागी ठेवा.

घरी निघताना दोन नंबर हवेत: सर्जनचा किंवा त्यांच्या सहायक डॉक्टरचा, आणि वॉर्डाचा. दवाखान्यातूनच एकदा लावून पाहा. जखमेतून पाणी किंवा पू, वाढता लालसरपणा, थंडी वाजून ताप, पोटरी घट्ट होऊन दुखणं, यांतलं काहीही झालं तर त्याच दिवशी फोन. एकाएकी दम लागला किंवा छातीत दुखलं तर फोनची वाट न पाहता १०८ बोलवा. गावच्या डॉक्टरला अँटिबायोटिकचं इंजेक्शन द्यायला सांगून दोन दिवस थांबू नका. त्या दोन दिवसांत जंतू इम्प्लांटवर बसतात आणि मग सगळं उघडावं लागतं. सर्जनने फोटो मागवून पाहिला आणि 'उद्या सकाळी या' म्हणाले, तर सकाळच्या पहिल्या एसटीने निघा. पंचाहत्तरीच्या पुढच्यांना एसटी मोफत आहे, बायकांना अर्धं तिकीट. सोबत फाइल घ्या.

दुसरा गुडघाही तसाच असेल तर त्याची तारीख पहिला वाकायला लागेपर्यंत घेऊ नका. सहसा तीन महिने तरी जाऊ द्या. तोवर पहिल्या गुडघ्याने बराचसा भार उचललेला असतो आणि कित्येकांना दुसऱ्याची निकड वाटेनाशी होते. करायचाच ठरला तर पुन्हा उभ्याने एक्स-रे, पुन्हा साखर आणि हिमोग्लोबिन, योजनेत असाल तर पुन्हा मंजुरी. आणि सर्जन तोच ठेवायचा की बदलायचा हे यावेळी ज्याचा पाय आहे त्याला विचारा. पहिल्या खेपेला राऊंडला कोण आलं आणि कोण आलं नाही, हे पलंगावर पडून त्यानेच पाहिलेलं असतं.